भाताच्या चिखलातली शाळा



ऊसविकासाचे मेळावे आपण पुष्कळ पाहिले. हारतुरे होतात, साहेब तासभर बोलतात, जेवण होते. घरी विचारतात, "काय सांगितलं?" आपण म्हणतो, "चांगलं सांगितलं!" यात साहेबांचा दोष नाही, ती रीतच तशी.

इंडोनेशियात १९८५-८६ साली जावा बेटावर तपकिरी तुडतुड्यांनी भाताची धूळधाण केली. सरकार औषधांना सवलत देई, खात्याची माणसे 'फवारा' म्हणून सांगत, शेतकरी फवारत. मेले ते तुडतुडे खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुखरूप. म्हणजे फवारणी वाढेल तसे तुडतुडे वाढले! नोव्हेंबर १९८६ मध्ये सरकारने ५७ औषधे भातावर बंद केली.

पण वर्षानुवर्षे 'फवारा' ऐकलेल्याला 'फवारू नका' हे नुसते सांगून पटते होय? म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मदतीने शेतीशाळा निघाल्या. आधी शिकायला बसवले ते खात्याच्या लोकांनाच. त्यांनी स्वतः चिखलात उतरून लावणीपासून कापणीपर्यंत भात पिकवला. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मग गावोगाव पंचवीसेक शेतकऱ्यांचा गट, आठवड्यातून एक सकाळ, हंगामभर. वाफ्यात शिरायचे, किडे गोळा करायचे, मोठ्या कागदावर रोपाचे चित्र काढून कीड आणि तिचे शत्रू मांडायचे, आणि फवारायचे की थांबायचे ते आपसात ठरवायचे. कोणी विचारले, "साहेब, हा किडा कोणता?" तर साहेबांनी उत्तर द्यायचे नाही. "कुठं सापडला? काय करत होता?" असे उलट विचारायचे. शंका राहिलीच तर दोन्ही किडे जाळीत ठेवून कोण कोणाला खातो ते डोळ्यांनी बघायचे.

खर्च आणि वेळ मात्र फार. शिवाय शाळेत न आलेल्या शेजाऱ्यापर्यंत हे ज्ञान फारसे पोचले नाही, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आम्हाला नवल नाही वाटले. शेजाऱ्याच्या वाट्याला पुन्हा भाषणच की!

२००२ साली आपल्याकडे उसावर लोकरी मावा आला. तो खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमसच्या अळ्या त्याच पानाखाली असतात. ज्याला त्या ओळखता येतात तो थांबू शकतो. ज्याला येत नाहीत त्याला तीही कीडच.

येत्या आडसाली लागणीला प्रत्येक गट ऑफिसच्या शेतकी मदतनिसाने एक प्लॉट स्वतः करावा, आणि वीस-पंचवीस सभासदांनी दर आठवड्याला त्यात शिरावे, अशी सूचना आम्ही शेतकी खात्याकडे दिली आहे. मंडप लागणार नाही.