दुखणारें पाऊल आणि न दुखणारें पाऊल

केळझर हें नागपूर-वर्धा रस्त्यावरील गांव. तेथील टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनास ऐन वैशाखांत एका घरचे दोघे वडीलधारे गेले, अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकास अंथरुणांतून उठून पहिलें पाऊल टेकतांच टांचेंत खिळा रुतल्यासारखी कळ येते. दुसऱ्याचे पाय मुळींच दुखत नाहींत. पण देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभें राहिल्यानें त्याच्या तळपायास फोड आलेला असतो, आणि तो त्यास कळलेलाही नसतो. घरांतील सारी धांवपळ पहिल्यासाठीं होते. वस्तुतः डॉक्टरकडे आधीं न्यावयास हवें तें दुसऱ्यास.

पहिल्याचें दुखणें फार सामान्य आहे. एका पावलांत २६ हाडें असतात, आणि टांचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट पट्टा, धनुष्याच्या दोरीप्रमाणें, तळपायाची कमान सांवरून धरतो. झिजलेल्या चपला, घरांतील कठीण फरशी, वाढलेलें वजन किंवा संवय नसतां केलेली चढण यांनीं हा पट्टा दुखावतो. रात्रीं तो आखडतो व सकाळीं पहिल्या पावलासरशी ताणला जातो. म्हणून ती पहिली कळ. उठण्यापूर्वीं पायाच्या बोटांभोंवतीं पंचा घालून तीं आपल्याकडे अर्धा मिनिट ओढून धरावींत. असें तीन-चार वेळां करावें. घरांतही मऊ टांचेची चप्पल वापरावी. थंड पाण्याची बाटली तळव्याखालीं फिरवावी. बहुतेकांस कांहीं महिन्यांत आराम पडतो. क्ष-किरणांच्या चित्रांत टांचेचें हाड वाढलेलें दिसलें, तरी घाबरूं नये. ज्यांची टांच कधींच दुखली नाहीं अशा पुष्कळांच्या चित्रांतही तें दिसतें.

पाय मुरगळला कीं तेल चोळण्याची चाल घरोघर आहे. पहिले दोन दिवस ती टाळलेली बरी. विश्रांति, थंड पाण्याची घडी, पट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवणें हे उपाय पुरतात. मात्र चार पावलेंही टाकवत नसतील, किंवा घोट्याचें हाड दाबतांच दुखत असेल, तर हाड मोडलें नाहीं ना, हें पाहून घ्यावें. अंगठ्याचें मूळ रात्रींतून एकाएकीं लाल होऊन सुजलें व पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर ती मुरगळ नसून बहुधा रक्तांतील यूरिक आम्लाचा विकार असतो. त्यास डॉक्टरचेंच औषध हवें. कुरूप होतें तें बहुधा तंग जोड्याच्या दाबानें. जोडा बदलावा, कोमट पाण्यांत पाय भिजवून वज्रीनें हलकेंच घासावें. पातें लावूं नये.

हीं सारीं दुखणीं निदान बोलतात तरी. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हा धडा वर्धा जिल्ह्यास फार पूर्वीं मिळाला. १९३६ मध्यें मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांच्या सेवेचें कार्य आरंभिलें. त्या काळीं रोग्याचीं बोटें रोगानेंच झडतात, असा समज होता. पुढें वेलोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, रोग मज्जातंतूंस बधिर करतो. मग चटका, कांटा, जोड्याची घांसणी कांहींच न जाणवून जखम चिघळते व पाऊल झिजत जातें. म्हणून औषधाइतकीच मऊ तळाच्या पायताणाची व रोज पाय तपासण्याची महती त्यांनीं सांगितली.

आज महारोग औषधानें पूर्ण बरा होतो. परंतु तोच धडा शहरांतील मधुमेही माणसास जसाच्या तसा लागू आहे. मधुमेह दीर्घकाळ ताब्यांत नसला, तर पायांचे मज्जातंतू क्षीण होतात व रक्तपुरवठाही मंदावतो. आरंभीं मुंग्या येतात, जळजळ होते. पुढें सारें शांत होतें, आणि ती शांतताच घातक. पाय कापण्याचा प्रसंग पुष्कळदां अशाच एका दुर्लक्षित फोडापासून सुरू होतो. अशा माणसानें अनवाणी चालूं नये. देवळांत निदान जाड मोजे घालावेत. पायांना गरम शेक देऊं नये, कुरूप स्वतः कापूं नये, जोडा झाडून मगच घालावा. जखम लहान असली व दुखत नसली, तरी त्याच दिवशीं दाखवावी.

बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरांत येण्याची जुनी रीत होती. त्या निमित्तानें दिवसांतून एकदां तरी पावलांवर हात फिरे. आतां दिव्याखालीं बसून, तळव्याखालीं आरसा धरून, बोटांच्या बेचक्यांसह दोन्ही पाय रोज न्याहाळावेत. ज्यास वांकवत नाहीं, त्याचे घरांतील कोणीतरी पाहावेत. दुखणारें पाऊल स्वतःची दाद मागतें. न दुखणाऱ्याची विचारपूस घरच्यांनींच करावयाची असते.