वेंधळी म्हणून मोकळ्या झालो

आमच्या गटात एक ताई आहे. महिन्याच्या ५ तारखेला बैठक असते. ही एकतर उशिरा येणार, नाहीतर पासबुक घरी विसरणार. दोनदा पैसे हातात असून हप्ता भरायचा राहिला, दंड बसला. चुलीवर दूध ठेवून अंगणात जायची, तिथं निवडायचं धान्य दिसलं की दूध उतू गेलंच. आम्ही तिला वेंधळी म्हणून मोकळ्या झालो. नाव कमी करायचा विषयही निघाला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

मग तिचा मुलगा वर्गात एका जागी बसेना म्हणून त्याला जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याला एडीएचडी निघाला. डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, "तुमचं लहानपण कसं होतं?"

हा त्रास पुष्कळदा घराण्यात चालत येतो आणि त्याची लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आतच दिसू लागतात. पण उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते. लग्नानंतर जनावरं, मुलं, शेत, कर्ज असा सगळा हिशोब एकाच डोक्यात ठेवायचा आला, की ते उघडं पडतं. बुद्धी कमी नसते. हीच ताई गोधडी शिवायला बसली की जेवायचंही विसरते. त्यामुळे लोक उलट म्हणतात, मनात आणलं की जमतं की हिला! अशी बोलणी वर्षानुवर्षं खाऊन बाई आतून खचते. पाळीच्या आधी हा गोंधळ वाढतो, असंही अनेकजणी सांगतात.

अर्थात, विसरणाऱ्या प्रत्येकीला एडीएचडी नसतो. रक्त कमी असणं, थायरॉईड, अपुरी झोप, उदासी यांनीही असं होतं. म्हणून तपासणी आधी. औषधं आहेत, समुपदेशन आहे. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

ताईचे उपचार सुरू आहेत. पासबुकाची पिशवी आता दाराच्या खिळ्याला असते, मोबाईलला ४ तारखेचा गजर लावलाय. तरी मागच्या महिन्यात ती विसरलीच. शेजारच्या सदस्येनं कुंपणावरून हाक मारली, आणि हप्ता वेळेत भरला.