पाण्याने घडणारा दगड

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. यांतल्या कुठल्याही गावातलं एखादं साधं बैठं घर घ्या. दारापुढे काँक्रीटच्या तीन पायऱ्या. चार फूट रुंद, प्रत्येकी सहा इंच उंच, पाऊल टेकायला फूटभर जागा. घर उठतं, गिलावा होतो, रंग लागतो आणि शेवटी उरलेल्या खडी-सिमेंटात गवंडी या पायऱ्या ‘मारून’ देतो. त्यांचा हिशेब कुणी वेगळा मांडत नाही. पण त्या आतून भरीव असतील तर त्यांचं वजन आठशे किलोच्या आसपास भरतं, आणि त्या आठशे किलोंत काय काय आलंय ते पाहू लागलं की डोकं चक्रावतं.

सगळ्यात मोठा वाटा खडी आणि वाळूचा. काँक्रीटचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग तोच. खडी येते जवळच्या क्रशरवरून, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडातून. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. डायनासोर संपले तो हाच काळ. पूर्वी वाळू घोड आणि कुकडीच्या पात्रातून यायची, आता बहुतेक ठिकाणी क्रशसँड वापरतात. तीही त्याच दगडाची भुकटी.

सिमेंट मात्र इथलं नाही. त्याला चुनखडक लागतो, आणि लाव्हाने हा सगळा मुलूख असा झाकून टाकला आहे की चुनखडकाचे थर इथे हाती लागत नाहीत. जुन्या वाड्यांच्या काळी लोक नदीकाठच्या आणि काळ्या मातीतल्या चुनखडीचे खडे वेचत, भट्टीत भाजत आणि बैलाच्या घाण्यात मळून चुना करत. आजचं सिमेंट येतं चंद्रपूरकडून किंवा कर्नाटकातल्या वाडी-शहाबादच्या पट्ट्यातून. तिथे प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे, आपल्या लाव्हाहून कितीतरी जुना. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा वाहत जाते ती वाडी-शहाबादच्या त्याच चुनखडकाच्या प्रदेशाकडे. पाणी इकडून तिकडे जातं. गोण्या ट्रकमधून तिकडून इकडे येतात.

गोणीवर ‘पीपीसी’ लिहिलेलं असेल तर आत आणखी एक पाहुणा असतो. या सिमेंटमध्ये साधारण १५ ते ३५ टक्के भाग औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळून उरलेल्या राखेचा असतो. राख मिसळणं म्हणजे भेसळ, असं अनेकांना वाटतं. पण ही युक्ती दोन हजार वर्षांची आहे. इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो पाण्याखालीही दगडासारखा घट्ट होतो, हे रोमन लोकांना माहीत होतं. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात ते लिहून ठेवलं. अशा पदार्थांना आजही त्या गावावरूनच ‘पोझोलाना’ म्हणतात. पीपीसीमधला दुसरा ‘पी’ तोच.

आता नकाशावर जुन्नर तालुक्यातलं कुकडीकाठचं बोरी शोधा. तिथे नदीच्या गाळात एक पांढुरका थर सापडतो. ती ज्वालामुखीची राख आहे, आणि ती इथली नाही. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून, समुद्र ओलांडून, तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून ती इथे पडली. ती टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली की सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या आधीच्या उद्रेकातली, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. सिलिकाने भरलेली, काचेसारखी ही बारीक राख. सिमेंटच्या गोणीतल्या राखेचं रसायन याच घराण्यातलं, फरक एवढाच की ती माणसाने कोळसा जाळून केली.

एवढं सगळं घमेल्यात एकत्र आलं, तरी त्यातून दगड होत नाही. त्याला पाणी लागतं.

‘सिमेंट वाळलं’ असं आपण सहज म्हणतो, पण ते वाळून कडक होत नाही. पाणी आणि सिमेंटचे कण यांच्यात रासायनिक क्रिया होते, मिश्रण गरम होतं, आणि प्रत्येक कणातून अतिसूक्ष्म तंतू आणि स्फटिक बाहेर फुटू लागतात. कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या शिऱ्या एकमेकींत अडकाव्यात तसे ते एकमेकांत गुंततात आणि खडी-वाळूला धरून ठेवतात. या क्रियेत लागलेलं पाणी उडून जात नाही, त्या नव्या दगडाचाच भाग होतं. म्हणून धरणाच्या बुडातलं, पाण्याखालचं काँक्रीटही घट्ट होतं. काँक्रीटची ताकद मोजायची ती २८व्या दिवशी, पण क्रिया तिथे थांबत नाही. पुढे कित्येक महिने, वर्षं ती मंद गतीने चालू राहते.

किती पाणी हा खरा प्रश्न. या क्रियेत सिमेंट स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी बांधून घेतं. ५० किलोच्या गोणीला म्हणजे १२-१३ लिटर. पण एवढ्यात माल कालवता येत नाही, म्हणून जास्त घालावं लागतं. भारतीय मानकात एम-२० प्रतीच्या काँक्रीटला, म्हणजे ज्याला गवंडी एकास दीडास तीन म्हणतात त्याला, गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर सांगितलं आहे; वाळूत आधीच असलेला ओलावाही त्यातच धरायचा. कामावर मात्र पाइप सोडला जातो, कारण पातळ माल पटकन पसरतो आणि थापीखाली छान गुळगुळीत बसतो. वरचं फाजील पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवून जातं. पायरी दिसायला भरीव, आतून सच्छिद्र.

आणि नेमकं उलट, पायरी भरून झाल्यावर जेव्हा पाणी भरपूर द्यायचं, तेव्हा हात आखडता घेतला जातो. साध्या सिमेंटला किमान सात आणि पीपीसीला किमान दहा दिवस ओल हवी असते. उन्हाळा कडक असेल तर पीपीसीला चौदा दिवस. स्लॅबवर मालाची आळी करून पाणी तुंबवता येतं. पायरीवर ओतलेलं पाणी क्षणात खाली पळतं. म्हणून ओलं गोणपाट अंथरायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. पायरीचं नाक, म्हणजे पुढची कड, वरून आणि समोरून अशी दोन्ही बाजूंनी उघडी असते. ती सगळ्यांत आधी सुकते, कच्ची राहते आणि वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांत आधी तुटते. कडेचा टवका उडाला की लोक सिमेंटच्या कंपनीला दोष देतात. खरा दोष बऱ्याचदा एप्रिलच्या दुपारी सुकून गेलेल्या गोणपाटाचा असतो.

पहिले दहा-पंधरा दिवस जिवलग असलेलं हे पाणी पुढे पायरीचं वैरी होतं. आधी खालून.

खालून येणाऱ्या या धोक्याची हडसरच्या किल्ल्याला काही चिंता नव्हती. तिथला दरवाजा आणि त्याकडे नेणाऱ्या पायऱ्या सलग कातळातून कोरून काढल्या आहेत. पायरी, पाया आणि डोंगर हा एकच दगड. असल्या पायऱ्या मोडायला काय लागतं हे जीवधन आणि चावंड सांगतात. १८१८च्या युद्धात पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या गडांच्या वाटा निकामी करण्यासाठी कातळातल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. आजही तिथे चढणाऱ्याला तो तुटलेला टप्पा जपूनच पार करावा लागतो.

घराच्या पायऱ्या मोडायला सुरुंग लागत नाही, भराव पुरतो. घराचा पाया खणताना भिंतीलगत जो चर पडतो, तो नंतर निघालेल्या मातीनेच बुजवतात, आणि पायऱ्या नेमक्या त्याच बुजवलेल्या जागेवर बसतात. जोतं खाली मुरमावर उभं, पायऱ्या पोकळ भरावावर. दोन-तीन पावसाळ्यांत भराव दबतो, पायऱ्या भिंतीकडे कलतात आणि जोत्याशी फट पडते. मग पावसाचं पाणी उंबऱ्याकडे धावतं, फटीतून आत शिरतं आणि उरलेला भराव धुऊन नेतं.

पूर्वेकडच्या गावांत काळी माती ही दुसरी अडचण. या मातीतल्या चिकणखनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ठेवलेली पायरी दर वर्षी वर उचलली जाते आणि खाली बसते. पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अंगाला, एका पावसाळ्यात काही हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो आणि तासाभराच्या अंतरावरच्या पूर्व पट्ट्यात त्याचा लहानसा हिस्साच पडतो. त्यामुळे एकाच तालुक्यात पायऱ्यांचे आजार वेगवेगळे: तिकडे भराव वाहून जातो, इकडे माती फुगते.

तिसरा आजार आतला. पायरीत सळई किंवा जाळी टाकली आणि ती कडेशी फार जवळ राहिली, तर पाणी आणि हवा तिथपर्यंत पोहोचतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. दगडाच्या पोटात एवढी जागा नसते, मग दगड फुटतो. पायरीवर सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला तर हेच कारण धरा.

पायऱ्या बदलायची वेळ आली की बहुतेकांचा पहिला विचार असतो जुन्यावरच इंचभर माल चढवायचा. हा पातळ थर आकसताना जुन्याला सोडतो आणि थोड्याच काळात खाली पोकळ वाजू लागतो. खालचा भराव तर तसाच असतो. खरं काम खाली आहे. जुन्या पायऱ्या ब्रेकरने फोडायच्या, सैल माती काढून मुरूम लागेपर्यंत खणायचं, मुरूम वीतभर जाडीच्या थरांनी पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, त्यावर डबराचं सोलिंग आणि पीसीसी (म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट), आणि मग पायऱ्या. जोतं आणि पायऱ्या यांमध्ये एकतर मुद्दाम सांधा ठेवायचा, थर्माकोलची पट्टी किंवा डांबरी फळी घालून वरून लवचीक मसाल्याने बंद करायचा, म्हणजे दोघांना आपापलं हलता येईल. नाहीतर सळया घालून दोघांना असं जखडायचं की हलले तर एकत्रच हलतील. अर्धवट चिकटलेली पायरी हमखास तडकते.

मापात तर थक्क करणारा इतिहास आहे. १६७५च्या सुमारास फ्रान्समधल्या फ्रान्स्वा ब्लाँदेलने हिशेब मांडला: पायरीची उंची दुप्पट करा, त्यात पाऊल ठेवायची जागा मिळवा, बेरीज माणसाच्या एका चालीएवढी यायला हवी. आज ती साठ ते पासष्ट सेंटिमीटर धरतात. आपल्या गवंड्याची सहा इंच आणि एक फूट ही जोडी त्यात बरोबर बसते, मग त्याने ब्लाँदेलचं नाव ऐकलेलं असो वा नसो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. पहिल्या एक-दोन पावलांत शरीर उंची शिकतं आणि पुढे डोळ्यांना न विचारता पाय तेवढाच उचलतं, पायरीच्या कडेपासून जेमतेम बोटभर वर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका भुयारी स्थानकात एक पायरी इतरांपेक्षा अर्धा इंच उंच होती; २०१२ मध्ये एका चित्रपटकाराने तिथे अडखळणाऱ्यांचं चित्रण केलं, तेव्हा एकामागून एक माणसं नेमकी तिथेच ठेचकाळताना दिसली. आपल्याकडे हा अर्धा इंच दोन वाटांनी येतो. ओट्यावर नंतर फरशी बसते पण पायऱ्यांवर बसत नाही, म्हणून शेवटची पायरी उंच होते. नाहीतर गल्लीत रस्त्याच्या काँक्रीटचा नवा थर येतो आणि पहिली पायरी अर्धी गाडली जाते. म्हणून माप घ्यायचं ते पूर्ण झालेल्या फरशीपासून पूर्ण झालेल्या रस्त्यापर्यंत, आणि मग समान वाटायचं.

पायऱ्या विषम असाव्यात, असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. उजवा पाय पहिल्या पायरीवर टाकला की विषम पायऱ्यांत शेवटच्या पायरीवरही उजवाच येतो. ओट्याची किंवा जोत्याची पातळी हीच शेवटची पायरी धरली, तर घराच्या पातळीवर पहिलं पाऊल उजवं पडतं. गंमत म्हणजे पोझ्झुओलीच्या राखेबद्दल लिहिणाऱ्या त्याच व्हिट्रुव्हियसने देवळाच्या पायऱ्यांसाठी हाच नियम, याच कारणासाठी सांगितला आहे. त्याच्याच शतकात सातवाहनांची राणी नागनिका नाणेघाटातल्या लेण्यात शिलालेख कोरवून घेत होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक मानल्या जाणाऱ्या, दात्यांचीही नावं कोरली गेली. नियम इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे, की दोन्हीकडे आपापला सुचला, ते ठरवायला पुरावा नाही. पाय सगळीकडे दोनच असतात, हे कारण पुरेसं असावं.

आपल्या दारच्या पायऱ्यांची तब्येत पाहायला यंत्र लागत नाही. वरच्या पायरीवर एक तांब्या पाणी ओता आणि पाहा. पाणी पुढे रस्त्याकडे गेलं, तर ढाळ बरोबर आहे. मीटरमागे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुरतो. उंबऱ्याकडे गेलं, तर पायऱ्या मागे खचल्या आहेत. फटीत गडप झालं, तर खाली भराव धुऊन निघतोय. आणि जागच्या जागी शोषलं गेलं, तर काँक्रीट कालवताना पाइप जास्त वेळ सोडला होता. गवंड्याला बोलावण्याआधी एवढं कळलं, तर नुसता गिलावा मारून तो निघून जाणार नाही.