दीडशेव्या पानावर

रिबेका यॅरोस यांची ‘फोर्थ विंग’ ही २०२३ची गाजलेली कादंबरी. ड्रॅगनस्वारांचे युद्धमहाविद्यालय आणि तिथले प्रेम. मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या २०२५मध्ये पहिल्याच आठवड्यात २७ लाखांवर प्रती खपल्या. डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये आठवडाभर वाचून मी दीडशेव्या पानावर ती मिटली. ड्रॅगनचे मला वावडे नाही. दास्तानांतले देव, पऱ्या ऐकतच वाढलो. पण दास्तानात आशिकाला तिलिस्म फोडावाच लागतो, अद्भुतावाचून प्रेम पाऊलभर सरकत नाही. इथे, मी वाचले तिथवर तरी, ड्रॅगनऐवजी मोटारसायकल ठेवली असती तरी नायक-नायिकेची नजरानजर तशीच झाली असती. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. पुस्तक अर्धवट सोडणे हा त्यांतला तिसरा. तो बजावून पुस्तक कल्याणला भाचीकडे परत पोचवले. ती ते चौथ्यांदा वाचते आहे.