चपलेचे श्रेय मागितले, मीमचे कोण देणार?

जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरात प्रादा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेलच्या पायांत चक्क कोल्हापुरी दिसली. कंपनीने तिला नुसते चामडी सँडल म्हटले होते. कोल्हापूरचे नाव नाही, पिढ्यान्‌पिढ्या ती बनवणाऱ्या चर्मकार कारागिरांचे तर नाहीच. त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर काय काय आले ते आठवा. प्रादाची खिल्ली उडवणारी मीम्स, लाखाची चप्पल आणि आपल्या गल्लीतली चप्पल शेजारी शेजारी ठेवलेले फोटो, त्यावर कोल्हापुरी भाषेतला एखादा ठसकेबाज शेरा. गदारोळ वाढला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि या सँडलची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे प्रादाला मान्य करावे लागले. पुढे डिसेंबरमध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर यांच्याशी कंपनीने करारही केला.

हे चांगलेच झाले. पण त्या आठवड्यात आपण जी मीम्स पुढे ढकलली, त्यातले एक तरी कोणी बनवले होते ते सांगता येईल का? मला येत नाही. कारागिराच्या श्रेयासाठी भांडणारे चित्र स्वतः मात्र बेनामी फिरत होते.

चपलेच्या बाजूने निदान एक कागद होता. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. त्या मानांकनाचे नोंदणीकृत धनी ही दोन महामंडळे. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातील जनहित याचिका जुलै 2025 मध्ये फेटाळली तेव्हाही मुद्दा हाच होता की दाद मागायची तर नोंदणीकृत धन्याने यावे. मीमला असा धनी नसतो. तो कोणी व्हावे का, आणि झाला तर कशाचा, हा आजचा विषय आहे.

यावर तरुणांशी बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होताना दिसते. श्रेय म्हणजे 'हे अमक्याने केले' एवढे सांगणे. कॉपीराइट म्हणजे 'माझ्या परवानगीशिवाय हे वापरायचे नाही' असे म्हणण्याचा हक्क. पहिले नाव जपते, दुसरे दार बंद करते. मीम तर दार उघडे असेल तरच जगते. 'मीम' हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने 1976 मध्ये वापरला तो मुळी नकलेतून एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पसरणाऱ्या कल्पनेसाठी. ज्याची नक्कल होत नाही ते मीम नव्हेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. तुम्ही स्वतः काढलेले चित्र, टिपलेला फोटो, लिहिलेला मजकूर यावर तो तयार झाल्या क्षणापासून तुमचा कॉपीराइट असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मुदत हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षे. (बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत याच हिशोबाने 2016 अखेर संपली.) निनावी प्रसिद्ध झालेल्या कृतीलाही प्रसिद्धीपासून 60 वर्षे संरक्षण आहे, म्हणजे नाव नसले की माल फुकट, हा समज चुकीचा आहे. मात्र कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले आहे. तुमच्या मीममधला विनोद दुसऱ्याने स्वतःच्या चित्रातून, स्वतःच्या शब्दांत सांगितला तर कायदा त्याला अडवत नाही.

गुंता होतो तो बहुतेक मीम्समधले चित्र आपले नसते म्हणून. सिनेमातला प्रसंग निर्मात्याचा, वर लिहिलेली ओळ आपली, आणि एवढ्या छोट्या ओळीला न्यायालय सहसा स्वतंत्र कृती मानत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाटेचे उदाहरण घ्या. ऑगस्ट 2020 मध्ये त्याने 'साथ निभाना साथिया' या जुन्या मालिकेतील कोकिलाबेनच्या संवादाला ताल-सूर लावला आणि 'रसोडे में कौन था' देशभर गाजले. ती मालिका 2017 मध्येच संपली होती. या गाजण्यानंतर ऑक्टोबर 2020 मध्ये तिचा दुसरा भाग आला. यात कोणाचे काय होते? संगीत मुखाटेचे, आवाज अभिनेत्री रूपल पटेल यांचा, मालिका निर्मात्याची. मुखाटेला नाव मिळाले आणि ते योग्यच, कारण कष्ट आणि कल्पकता त्याची होती. पण तो संवाद मुळात कागदावर ज्याने लिहिला, त्या पटकथा विभागातल्या माणसाचे नाव तुमच्या-माझ्या ओठांवर आहे का? एकाला श्रेय देताना त्याच्या मागचा दुसरा अंधारात राहतो तो असा.

मग दुसऱ्याचे चित्र घेऊन टीका करणे गुन्हा आहे का? कायद्याच्या कलम 52 मध्ये टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी 'न्याय्य वापर' मान्य आहे. विडंबन किंवा मीम असा वेगळा उल्लेख तिथे नाही. पण केरळमधला एक खटला आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तोप्पिल भासी यांचे 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे 1952 चे नाटक डाव्या चळवळीत अतिशय गाजले. चार दशकांनी सिव्हिक चंद्रन यांनी त्याला उत्तर म्हणून प्रतिनाटक लिहिले. मूळ नाटकातली पात्रे आणि संवाद घेऊनच त्यांनी विचारले की ज्या दलित-शेतमजुरांनी चळवळीसाठी रक्त आटवले त्यांना काय मिळाले? भासींच्या वारसांनी कॉपीराइटचा दावा लावला. 1996 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला, कारण ही चोरी नव्हती, टीका होती आणि टीका करायची तर मूळ कृतीतले घ्यावेच लागते.

माझे मत इथे पक्के होते. कॉपीराइटची कुंपणे जितकी उंच होतील, तितका त्रास आपल्यालाच होईल. सिनेमात आपल्या माणसाला कसे दाखवले, शाळेच्या पुस्तकात काय छापले, नेत्याचे कालचे आणि आजचे भाषण कसे उलटे आहे, हे सगळे आपण त्यांचेच चित्र वापरून दाखवतो. मोठ्या कंपनीकडे वकील असतात. आपल्याकडे डेटा पॅक असतो. नामवंतांना तर आता स्वतःच्या चेहऱ्याचे आणि बोलण्याचेही संरक्षण मिळते. जॅकी श्रॉफ यांना मे 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे अंतरिम संरक्षण दिले; त्या दाव्यात 'भिडू' हा शब्दही होता. आमच्याकडे विटी-दांडूत, कबड्डीत भिडू वाटून घेतात, ते कोणाच्या परवानगीने? त्यातल्या त्यात बरे म्हणजे त्यांच्यावरचा एका यूट्यूबरचा गमतीचा व्हिडिओ ताबडतोब काढून टाकायचा आदेश न्यायालयाने दिला नाही.

म्हणून कॉपीराइटपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते त्याच कायद्याचे कलम 57. कॉपीराइट विकला, कोणाच्या नावावर केला, तरी 'ही कृती माझी आहे' असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. आपली कृती विकृत करून मानहानी केली तर तो अडवूही शकतो. श्रेय हा कायद्याने मान्य केलेला, मालकीहून वेगळा हक्क आहे. तो बजावायला कोर्टात जाणे खेड्यातल्या पोराला परवडणारे नाही, हे खरे. पण आपसात तो पाळायला कोर्ट लागत नाही.

आपल्याकडे याची जुनी रीत आहेच. वामनदादा कर्डकांचे भीमगीत शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका, तिथे 'वामन' भेटतो. छापखाना नाही, रेकॉर्ड कंपनी नाही, गाणे तोंडोतोंडी गावोगाव जाणार, मग नाव गाण्याच्या पोटातच गुंफायचे. संतांच्या अभंगांत, शाहिरांच्या लावणी-पोवाड्यांत हीच नाममुद्रा. कोणीही गावे, कितीही वेळा गावे, फक्त शेवटचे कडवे सोडू नये. आज डीजेवर दुसऱ्या कडव्यातच गाणे तोडून पुढचे लावतात, आणि कवी नेमका त्या तोडलेल्या तुकड्यात असतो. मीमच्या कोपऱ्यातले नाव क्रॉप करणे आणि हे, दोन्ही एकच.

वारणा खोऱ्यात 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून सुमारे 70 गावांत संगणक पोचवायचा प्रयत्न झाला होता. उसाची नोंद, बिल, बाजारभाव गावातच कळावेत असा हेतू. आज ते काम खिशातला फोन करतो आणि त्याच फोनवर आमची मुले-मुली जयंतीचे बॅनर, स्टेटसचे व्हिडिओ, मीम्स बनवतात. वारणानगरच्या कॉलेजला शिकणाऱ्या एका मुलीने संविधान दिनाला एक साधे मीम केले: हाताने काढलेले चित्र, दोन ओळी. चार दिवसांनी ते तिच्याच भावकीच्या ग्रुपवर परत आले, वर एका मोठ्या पेजचा शिक्का. मी विचारले, तक्रार करायची का? ती म्हणाली, "राहू दे की सर, विचार पोचला न्हवं." मग थोड्या वेळाने, "पण कापायचं कशाला? कोपऱ्यात तर हुतं."

'विचार पोचला ना' हे वाक्य चळवळीत फार वापरले जाते आणि बहुधा ज्याचे नाव कापले गेले त्यालाच ऐकवले जाते. पेजला फॉलोअर मिळतात, निवडणुकीच्या दिवसांत जाहिरातीही मिळतात. मुलीला काय मिळाले? उद्या ती डिझाइनचे काम मागायला गेली तर दाखवायला तिच्याकडे स्वतःच्या नावाचे एकही चित्र नाही. पंचशीलातील दुसरे शील 'अदिन्नादाना', न दिलेले न घेणे, इथे नेमके लागू पडते. तिने मीम पुढे पाठवायला दिले होते. नाव पुसायला दिले नव्हते.

एक अडचण मात्र नजरेआड करता येत नाही. नाव टाकणे प्रत्येकाला सुरक्षित नसते. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या लढ्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 66-अ रद्द केले. पण धोका संपला नाही. जून 2023 मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. म्हणजे पोस्ट गाजली तर बनवणाऱ्याचे नाव गायब आणि अंगाशी आली तर ते शोधायला सगळे तयार. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते, कारण बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. नाव मागे ठेवणे हाही कर्त्याचाच निर्णय असू शकतो. तो त्याच्या वतीने दुसऱ्याने घ्यायचा नाही, एवढेच.

आमच्या भागातल्या मंडळांशी बोलून आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. फाइल मागतानाच विचारायचे की नाव टाकायचे, टोपणनाव टाकायचे की काहीच नाही. नाव कोपऱ्यात न ठेवता चित्राच्या मधोमध, मजकुराला लागून ठेवायचे, म्हणजे कापले तर मीमच फाटेल. बनवणारा माहीत नसेल तर आपल्या पेजचा शिक्का मारायचा नाही. 'निर्माता माहीत नाही, कळवा' असे लिहायचे. दुसऱ्याचे मीम बदलले तर मूळ कोणाचे तेही लिहायचे. आणि जिथे पैसा येतो, म्हणजे टी-शर्ट, फ्लेक्स, दिनदर्शिका, उमेदवाराचा प्रचार, तिथे आधी परवानगी आणि मग मोबदला. बँडवाल्याला, मंडपवाल्याला, डीजेला वर्गणीतून पैसे देताना कोणी म्हणत नाही की विचार पोचला ना. येत्या 14 एप्रिलच्या हिशोबाच्या वहीत बॅनर आणि स्टेटस करणाऱ्यांसाठीही एक ओळ असावी, असा प्रस्ताव आम्ही मांडला आहे. दोन मंडळांनी होकार दिला, एकात अजून वाद चालू आहे.