नोकरीच्या शोधाची तालीम

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे स्नायू पूर्ववत करताना डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी, हलक्या व्यायामाची असंख्य आवर्तने करविण्याऐवजी, जड वजन उचलवून ते क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची जी पद्धती 1945 साली प्रसिद्ध केली, तिचे तत्त्व नोकरीच्या शोधासही पुष्कळ अंशी लागू पडते. एकच अर्ज शंभर कचेऱ्यांकडे रवाना करणे ही हलकी आवर्तनेच होत. त्यांनी सोशिकपणा वाढेल, सामर्थ्य वाढणार नाही. त्याऐवजी प्रथम आठवड्यास तीनच अर्ज, परंतु प्रत्येक त्या त्या जाहिरातीबरहुकूम नव्याने लिहिलेला; पुढे त्या व्यवसायातील एखाद्या अनुभवी गृहस्थाची भेट; मग मित्रासमोर मुलाखतीची तालीम, असा भार चढवीत न्यावा. (आखाडा आणि नाटकाचा सराव या दोहोंना मराठीत ‘तालीम’ हा एकच शब्द आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.) स्नायूची भरपाई विश्रांतीत होते, हेही ध्यानी ठेवावे; नकाराचे पत्र आले त्याच रात्री नवा अर्ज लिहावयास बसणाऱ्या उमेदवाराची मला खरोखर काळजी वाटते. जोर-बैठकांच्या हिशेबासारखी एक वही मात्र अवश्य राखावी आणि तीत, अर्जाची तारीख व आलेले उत्तर यांखेरीज, मुलाखतीत अडलेला प्रश्न त्याच दिवशी नमूद करावा.