निशिगंध लागवड

निशिगंध किंवा गुलछडी (शास्त्रीय नाव: अगेव्ह अमिका, जुने आणि अजूनही प्रचलित असलेले नाव: पॉलिॲन्थिस ट्युबरोसा) ही कंदापासून वाढणारी, सुवासिक पांढऱ्या फुलांची बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे मूळस्थान मेक्सिको. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचा समावेश घायपाताच्या अगेव्ह या प्रजातीत केला आहे. हिंदी व बंगालीत हिला रजनीगंधा म्हणतात. रातराणी हे झुडूप निराळे असून, रात्री दरवळणे एवढेच दोहोंतील साम्य आहे.

लागवडीचा काळ

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत निशिगंध, डेलिया, ग्लॅडिओलस यांचे कंद वसंत ऋतूत, शेवटचे दहिवर पडून गेल्यावर लावतात आणि थंडीपूर्वी काढून घरात ठेवतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत दहिवराची भीती नसते. येथे लागवडीची वेळ पाऊस ठरवतो. एप्रिल आणि मे हे लागवडीचे महिने होत. या काळात लावलेले कंद मृग नक्षत्रापूर्वी मुळे धरतात व पाने काढतात, आणि लागवडीपासून साधारणपणे ८० ते १०० दिवसांत फुलांचे दांडे दिसू लागतात.

उशीर झाल्यास होणारे नुकसान केवळ फुलोरा लांबण्यापुरते मर्यादित नसते. मुळे नसलेला कंद मातीतील पाणी शोषू शकत नाही. काढणीच्या वेळी त्याच्या तळाशी झालेल्या जखमा चिखलात उघड्या राहतात व तेथूनच कूज सुरू होते. काळ्या भारी जमिनीत जुलैच्या संततधारेत लावलेले कंद बऱ्याचदा अंकुर न दाखवताच सडतात. वेळ चुकलीच तर कंद सावलीत कोरडे ठेवून पावसाची उघडीप पाहणे किंवा ते कुंडीत लावणे बरे.

कंदांची निवड

निशिगंधाच्या वाढीतील एक गोष्ट ध्यानात न घेतल्यास बागेत पाने उदंड आणि फुले नाहीत अशी स्थिती येते. एक कंद एकदाच फुलतो. दांडा येऊन गेल्यावर तो पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवती आलेली पिल्ले पुढील हंगामात वाढतात आणि पुरेशी मोठी झाल्यावर फुलतात. म्हणून जुन्या गड्ड्यातील मधला, दांड्याचे वाळलेले खूट असलेला कंद लागवडीस निरुपयोगी असतो. सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, टणक, टोकाशी निमुळते व डाग नसलेले कंद निवडावेत. त्याहून लहान पिल्ले टाकून न देता वेगळ्या वाफ्यात लावावीत. पहिल्या वर्षी त्यांच्याकडून फुलांची अपेक्षा करू नये.

जमिनीतून काढलेल्या कंदांना चार ते सहा आठवड्यांची विश्रांती आवश्यक असते. ते सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात पसरून ठेवतात आणि अधूनमधून वरखाली करतात. ढीग घातल्यास खालचे कंद बुरशीने खराब होतात. विश्रांती न देता लावलेले कंद मागेपुढे उगवतात. लागवडीपूर्वी ते कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवण्याची पद्धत आहे.

जमीन व लागवड

पाण्याचा निचरा होणारी, सेंद्रिय पदार्थांनी युक्त पोयट्याची जमीन उत्तम. सामू ६.५ ते ७.५ असावा. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा लागते. झाडाखालच्या सावलीत पाने लांबट होतात आणि दांडे कमी येतात. जमीन खोल खणून, काही दिवस उन्हात तापू देऊन, तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेणखत टाळावे, कारण त्याने कूज व हुमणी दोन्ही ओढवतात.

हलक्या जमिनीत सपाट वाफे चालतात. भारी जमिनीत सरी-वरंब्यावर लागवड करावी. दोन ओळींत ३० सेंटिमीटर व दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरमध्ये सुमारे १६ कंद बसतात. कंद टोक वर ठेवून पाच ते सात सेंटिमीटर खोल लावावा. कुंडी २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची असल्यास तीन कंद पुरेत.

वाफा आधी भिजवून वाफसा आल्यावर लागवड करणे अधिक सोयीचे. त्यानंतर अंकुर दिसेपर्यंत ओल टिकेल इतकेच पाणी द्यावे. नवोदित बागकामगाराची सर्वांत नेहमीची चूक येथेच होते: काहीच उगवत नाही म्हणून तो रोज पाणी घालतो. पाने आल्यावर मात्र उन्हाळ्यात पाच ते सात दिवसांनी पाणी लागते. दांडे निघण्याच्या सुमारास ताण पडू देऊ नये व बुंध्याशी मातीची भर द्यावी.

वाण

एकेरी फुलांच्या वाणांत पाकळ्यांची एकच रांग असते. त्यांचा सुवास तीव्र असून हार, वेण्या, गजरे व सुगंधी अर्क यांसाठी हीच फुले वापरली जातात. दुहेरी वाण फुलदाणीसाठी पसंत केले जातात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ हे एकेरी आणि ‘सुवासिनी’ व ‘वैभव’ हे दुहेरी वाण विकसित केले आहेत. ‘फुले रजनी’ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आहे.

रोग व कीड

बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसल्यास ती खोडकूज समजावी. असा गड्डा भोवतालच्या मातीसह काढून टाकावा. फुलकिडे कळ्यांतील रस शोषतात व पाकळ्यांवर डाग पडतात. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव असलेल्या जमिनीत आधी झेंडूचे पीक घेतात.

तोडणी आणि कंद काढणी

सुट्या फुलांसाठी कळ्या पहाटे तोडतात. फुलदाणीसाठी खालची दोन-तीन फुले उमलताच दांडा बुंध्याजवळ कापतात. वरच्या कळ्या पाण्यात उमलत राहतात. एकदा लावलेला वाफा तीन वर्षांपर्यंत ठेवता येतो. पुढे गड्डे दाटून दांडे आखूड होतात. तेव्हा हिवाळ्याच्या अखेरीस पाणी तोडून, पाने पिवळी पडल्यावर गड्डे खणावेत, माती झटकून पिल्ले वेगळी करावीत आणि पुढच्या एप्रिलसाठी सावलीत ठेवावीत.